सव्वाअकरा अंश डावीकडे

स्टिअरिंग वाकडं आहे हे काटकोनरावांच्या लक्षात आलं एका रविवारी सकाळी, पेट्रोल भरून परत येताना. रस्ता सरळ होता, गाडी सरळ चालली होती, आणि स्टिअरिंगच्या मधली आडवी दांडी मात्र कोणाचं तरी बोलणं चोरून ऐकत असल्यासारखी डावीकडे कलली होती. त्यांनी दांडी सरळ केली, तर गाडी उजवीकडे एका फळवाल्याच्या रोखाने निघाली. दांडी पुन्हा कलती केली, गाडी सरळ झाली. फळवाल्याने दोन्ही वेळा त्यांच्याकडे पाहिलं, आणि ते पाहणं काही आदराचं नव्हतं.

दुसरा कोणी असता तर आठवड्याभरात ही गोष्ट त्याच्या अंगवळणी पडली असती. पण काटकोनराव छत्तीस वर्षं नकाशांच्या कचेरीत आरेखक होते. काटकोनराव हे नाव कचेरीतल्या लोकांनी त्यांच्या माघारी ठेवलं होतं. ते त्यांच्या कानावर आलं तेव्हा त्यांना राग आला नाही, उलट बढती मिळाल्यासारखं वाटलं. दवाखान्यात वाट बघत बसले तरी ते समोरच्या टेबलावरची मासिकं कडेला समांतर लावून ठेवत. कोणाच्या घरी गेले की बोलता बोलता भिंतीवरचं कॅलेंडर सरळ करत. अशा माणसाला निवृत्तीनंतर रोज हातात वाकडं स्टिअरिंग धरायला लावणं हा जवळजवळ छळ होता.

घरी येऊन त्यांनी बायकोला सांगितलं. त्यांच्या बायकोला सगळी इमारत काकू म्हणत असे. काकू घरातच शिवणाचा क्लास चालवायच्या आणि त्या वेळी मशीनवर एक बाही जोडत होत्या.

"स्टिअरिंग वाकडं झालंय," काटकोनराव म्हणाले.

मशीन थांबलं. "फार?"

"ते मोजल्याशिवाय कसं सांगणार?"

"मग मोजा," काकू म्हणाल्या, आणि मशीन पुन्हा सुरू झालं, जरा जास्तच जोरात.

मोजायचं म्हणजे काटकोनराव मोजणारच. कपाटातून त्यांनी आपला जुना पितळी कोनमापक काढला, गाडीतल्या आरशाला दोरा बांधून ओळंबा सोडला, आणि स्टिअरिंगसमोर डोकं तिरकं करून बसले. पाचव्या मिनिटाला खिडकीतून हेडमास्तर डोकावले.

हेडमास्तर तळमजल्यावर राहत. शाळा सोडून त्यांना बारा वर्षं झाली होती, पण शिकवायचं काही सुटलं नव्हतं. त्यांच्याकडे गाडी नव्हती, कधीच नव्हती, त्यामुळे गाड्यांविषयीची त्यांची मतं अनुभवाने डागाळलेली नव्हती.

"किती आलं?" त्यांनी विचारलं.

"सव्वाअकरा अंश. डावीकडे."

"हवा," हेडमास्तर म्हणाले. "एका चाकात हवा कमी असणार. माणूससुद्धा एका पायाने लंगडत असला की खांदा कलतो."

उपमा इतकी पटण्यासारखी होती की काटकोनराव लगेच जाऊन चारही चाकांतली हवा तपासून आले. हवा अगदी बरोबर होती. यावर हेडमास्तर म्हणाले की मग रस्ता एका बाजूला उतरता असणार. गाडी सरळ जाते की नाही हे ठरवायला आधी सपाट जागा हवी आणि तिच्यावर एक सरळ रेषा हवी. हे मात्र काटकोनरावांना मनापासून पटलं. रेषा मारायची म्हटल्यावर त्यांच्या अंगात वेगळाच उत्साह संचारला. इमारतीच्या मागचं पार्किंग सपाट होतं. सोमवारी सकाळी खडूची पूड लावलेला दोरा घेऊन ते खाली उतरले आणि एक टोक खिळ्याला बांधत असतानाच सोसायटीचे सेक्रेटरी तिथे आले.

"हे काय चाललंय?"

"एक रेषा मारतोय."

"कोणाच्या परवानगीने?"

काटकोनरावांनी आयुष्यात हजारो रेषा मारल्या होत्या. त्यांच्या रेषांवरून कालवे गेले होते, भिंती उभ्या राहिल्या होत्या. रेषा मारायला परवानगी लागते हे त्यांनी प्रथमच ऐकलं. पण सेक्रेटरींचं म्हणणं असं की पार्किंग ही सामाईक जागा आहे. आज एकाने रेषा मारली, उद्या दुसरा मारेल, आणि परवा कोणीतरी म्हणेल की रेषेच्या अलीकडचं सगळं माझं. तेव्हा रीतसर अर्ज करावा.

अर्ज केला. अर्जात रेषेची लांबी, रुंदी, रंग, हेतू आणि ती पुसण्याची जबाबदारी कोणाची, हे सगळं लिहावं लागलं. 'रुंदी' या शब्दापुढे काटकोनरावांनी 'भूमितीच्या व्याख्येनुसार रेषेला रुंदी नसते' असं लिहिलं, म्हणून अर्ज परत आला. दुसऱ्या अर्जात त्यांनी मान खाली घालून 'अर्धा सेंटिमीटर' लिहिलं. त्यावर समितीची बैठक झाली. बुधवारी परवानगी मिळाली ती अशी: रेषा पंधरा मीटरपेक्षा लांब नसावी, तात्पुरती असावी, आणि तिच्यामुळे कोणत्याही सभासदाचा कोणताही हक्क निर्माण होऊ नये.

गुरुवारी चाचणी झाली तेव्हा बघायला निम्मी इमारत गोळा झाली होती. हेडमास्तर गाडीच्या पुढे उलटे चालत रेषेवर नजर ठेवून होते. काटकोनरावांनी स्टिअरिंग सव्वाअकरा अंशांवर धरलं आणि गाडी पंधरा मीटर रेषेला धरून अशी गेली की हेडमास्तरांना 'शाबास' म्हणायचा मोह आवरला नाही. म्हणजे चाकं सरळ होती, रस्ता सरळ होता, आणि वाकडं होतं ते फक्त स्टिअरिंग.

वरच्या गॅलरीतून काकू बघत होत्या. काटकोनरावांनी अभिमानाने वर पाहिलं तेव्हा त्या आत निघून गेल्या. संध्याकाळी त्या म्हणाल्या, "शिवण एका बाजूला ओढायला लागली ना, की शिवण उसवून उपयोग नसतो. कापड कुठे ताणलं गेलंय ते बघायचं असतं."

"ही गाडी आहे. झंपर नाही," काटकोनराव म्हणाले.

काकूंना अजून काही बोलायचं होतं असं त्यांच्या तोंडावर दिसत होतं. पण त्यांनी नुसती सुई ओवली.

शुक्रवारी सकाळी काटकोनराव बाजारातल्या गॅरेजवाल्याकडे गेले. गॅरेजवाला हा झटपट माणूस होता. त्याने प्रश्न पुरता ऐकूनसुद्धा घेतला नाही. "स्टिअरिंग वाकडं आहे ना? मग काढून सरळ बसवू," असं म्हणून त्याने मधलं झाकण काढलं, नट सैल केला आणि चाक उपसून हातात घेतलं. गाडी जुनी होती, त्यामुळे त्या चाकात हॉर्नच्या दोन तारांपलीकडे काही नव्हतं.

चाक ज्या दांड्यावर बसतं त्याला दाते होते. काटकोनरावांनी ते मोजले. चोवीस. त्यांनी लगेच हिशेब मांडला. तीनशे साठ भागिले चोवीस म्हणजे एक दाता पंधरा अंशांचा. म्हणजे चाक एक दाता सरकवलं तर ते सव्वाअकरा अंश डावीकडून पावणेचार अंश उजवीकडे जाणार. मधलं काही मिळणार नाही.

हे ते गॅरेजवाल्याला समजावून सांगत होते तोपर्यंत गॅरेजवाल्याने चाक एक दाता सरकवून बसवलंही होतं.

"बघा, सरळ झालं."

"पावणेचार अंश उजवीकडे आहे."

"काका, एवढं कोण बघतं?"

ज्या माणसाने उभ्या जन्मात फक्त एवढंच बघितलं त्याला हे ऐकून घ्यावं लागलं. पण अपमान तिथेच संपला नाही. गाडी घेऊन निघाल्यावर कळलं की वळण पूर्ण व्हायच्या आतच इंडिकेटर आपोआप बंद पडतोय, आणि डावीकडे वळलं की हॉर्न वाजतोय. घरी येईपर्यंत पाच डावी वळणं होती. पाचव्या वळणावर एका आजोबांनी हातातली काठी उगारली. काटकोनरावांनी काचेतून हात जोडले, पण हात जोडल्यामुळे स्टिअरिंग सुटलं आणि पुन्हा हॉर्न वाजला.

शनिवारी गॅरेजवाल्याकडून चाक होतं तसं बसवून घेतलं, आणि सोमवारी ते पार मोठ्या रस्त्यावरच्या, चाकं एका रेषेत लावून देणाऱ्या अलाइनमेंटच्या दुकानात गेले.

अलाइनमेंटवाला चाळिशीचा, हळू बोलणारा गृहस्थ होता. त्याने गाडी रॅम्पवर चढवली, चारही चाकांना यंत्राचे पंजे लावले, स्टिअरिंग मधोमध आणून अडकवलं आणि पडद्यावरचे आकडे वाचू लागला. काटकोनरावांनी मान लांब करून पाहिलं. तिथे अंश होते, अंशाचे साठावे भाग म्हणजे कला होत्या, दशांश होते. इतक्या दिवसांनी आपल्या भाषेत बोलणारं कोणी भेटलं, असं त्यांना वाटलं.

अलाइनमेंटवाला बॅटरी घेऊन गाडीखाली गेला आणि बाहेर येऊन हात पुसत म्हणाला, "कुठे ठोकली होती का?"

"नाही."

"फुटपाथला वगैरे?"

"सव्वीस वर्षं गाडी चालवतोय," काटकोनराव म्हणाले. "फुटपाथला आजवर सावलीसुद्धा लागू दिलेली नाही."

"या, खाली या."

ते वाकून गाडीखाली गेले. स्टिअरिंगकडून पुढच्या चाकाकडे जाणारी एक सळई असते, तिला टाय रॉड म्हणतात, असं अलाइनमेंटवाल्याने सांगितलं. उजवीकडची सळई सरळ होती. डावीकडची किंचित वाकली होती. ती इतकी थोडी वाकली होती की दुसऱ्या कोणाला दिसली नसती, पण काटकोनरावांना ती छातीत कळ यावी तशी दिसली. डाव्या चाकाच्या रिमच्या कडेला बोटभर लांब ताजा ओरखडा होता.

"हे ठोकल्याशिवाय होत नाही," अलाइनमेंटवाला शांतपणे म्हणाला. "फार जोरात नाही. हळूच. पण चाक वळलेलं असताना. पंधरावीस दिवसांतलं आहे. आठवून बघा."

काटकोनरावांनी आठवून बघितलं. काही आठवलं नाही.

नवी सळई मागवावी लागणार होती, आठवडा लागणार होता. तोवर गावात हळूहळू चालवायला हरकत नाही, असं त्याने सांगितलं. काटकोनराव परत आले ते तीसच्या वेगाने, आणि वाटेत डोक्यात एकच गोष्ट घोळत होती: सळई वाकली आहे, म्हणजे गाडी ठोकली गेली आहे. गाडी ठोकली गेली, तर ती कोणीतरी ठोकली आहे. आणि गाडी आपल्याखेरीज कोणी चालवत नाही.

आता इथे एक गोष्ट सांगायला हवी. स्टिअरिंग वाकडं दिसल्या दिवसापासून काटकोनरावांनी एक छोटी वही केली होती आणि गाडीतल्या कप्प्यात ठेवली होती. रोज सकाळ-संध्याकाळ किती किलोमीटर झाले तो आकडा ते त्यात लिहून ठेवत, कारण कुठलाही दोष शोधायचा तर आधी नोंदी हव्यात. त्या संध्याकाळी त्यांनी प्रथमच त्या नोंदींची नीट जुळणी केली. मंगळवारी सकाळच्या आणि संध्याकाळच्या आकड्यांत नऊ किलोमीटरांचा फरक होता. शुक्रवारी गॅरेजला जाऊन आल्याचे दोन किलोमीटर वजा करूनही साडेअकरा उरत होते.

मंगळवारी आणि शुक्रवारी दुपारी ते वाचनालयात जात, तेही चालत, कारण डॉक्टरांनी चालायला सांगितलं होतं. त्या दिवशी दुपारी गाडी बाहेर काढल्याचं त्यांना आठवत नव्हतं. किल्ली घरात खुंटीला असायची. काकूंना गाडी येत नव्हती. ते त्यांनी स्वतः पूर्वी तीन संध्याकाळी शिकवून ठरवून टाकलं होतं. म्हणजे साडेवीस किलोमीटर त्यांनीच गाडी चालवली होती, कुठेतरी फुटपाथला घासली होती, परत आणून जागेवर लावली होती, आणि त्यातलं काहीच त्यांच्या लक्षात राहिलं नव्हतं.

काटकोनरावांनी सगळी बेरीज पुन्हा एकदा करून पाहिली.

त्यांच्या वडिलांचं असंच सुरू झालं होतं. आधी चष्मा सापडेना, मग गल्ली सापडेना, आणि शेवटी एका दुपारी त्यांनी काटकोनरावांकडे बघून अत्यंत सौजन्याने विचारलं होतं, "आपण कोण? बसा ना." त्या सौजन्याची काटकोनरावांना आजही भीती वाटत होती.

त्यांनी वहीत दोन नवे रकाने आखले: 'आठवतं' आणि 'आठवत नाही'. रकाने उत्तम आखले होते. खाली त्यांनी लिहिलं, 'हिला सांगायचं नाही. घाबरेल.'

मंगळवारी वाचनालयात गेल्यावर त्यांनी ग्रंथपालबाईंना सहज विचारल्यासारखं विचारलं, "मी गेल्या शुक्रवारी आलो होतो का हो?"

ग्रंथपालबाईंनी रजिस्टर बघितलं. "पुस्तक नेल्याची नोंद नाही."

"नुसता येऊन बसलो असेन."

"असाल," त्या म्हणाल्या. "तुम्ही बसता तेव्हा कोणाला त्रास होत नाही, त्यामुळे लक्षात राहत नाही."

एरवी ही स्तुती वाटली असती. त्या दिवशी ते पुस्तक न घेताच बाहेर पडले. आणि संध्याकाळी गाडीत जाऊन बघतात तर आठ किलोमीटर पुन्हा वाढलेले.

रात्रीची झोप तर उडालीच होती. पडल्या पडल्या ते एकोणतीसचा पाढा म्हणत, कचेरीतल्या साहेबांची नावं क्रमाने आठवत, आणि एखादं नाव अडलं की उठून पाणी पीत. काकूंनी एकदोनदा विचारलं, "बरं नाही का?" त्यांनी उकडतंय म्हणून सांगितलं. काकू बराच वेळ छताकडे बघत पडून राहिल्या.

शेवटी बुधवारी ते हेडमास्तरांकडे गेले आणि दार लावून घेऊन म्हणाले, "माझी एक परीक्षा घ्या. स्मरणशक्तीची. कोणाला बोलू नका."

हेडमास्तरांनी का म्हणून विचारलं नाही. बारा वर्षांनी कोणीतरी आपण होऊन परीक्षा मागायला आलं होतं. त्यांनी दुसऱ्या दिवशी या म्हणून सांगितलं, रात्रभर बसून पन्नास गुणांचा पेपर काढला आणि गुरुवारी काटकोनरावांना खिडकीकडे पाठ करून बसवलं, म्हणजे बाहेर बघून उत्तरं सुचायला नकोत. इमारतीतल्या सगळ्या बिऱ्हाडांची नावं, सात आकड्यांची संख्या उलटी म्हणणं, आज सकाळी काय खाल्लं, परवा काय खाल्लं, दहा वस्तू बघून आठवणं. काटकोनरावांना पन्नासपैकी सत्तेचाळीस गुण मिळाले.

"पहिला वर्ग," हेडमास्तर म्हणाले. "विशेष प्रावीण्य."

"तीन कुठे गेले?"

"परवाच्या जेवणात तुम्ही कोशिंबीर विसरलात. तुमच्याकडून वाटीभर माझ्याकडे आली होती, म्हणून मला ठाऊक. आणि दोन मार्क अक्षरासाठी कापले. ओळी तिरक्या गेल्यात."

काटकोनरावांनी कागदाची घडी घातली आणि खिशात ठेवली. सत्तेचाळीस गुण त्यांच्या लक्षातही राहिले नाहीत. जिना चढताना त्यांना सारखी ती कोशिंबीर आठवत होती, म्हणजे खरं तर आठवत नव्हती.

शुक्रवारी वाचनालयातून ते घरी आले तेव्हा शिवणाचं मशीन बंद होतं. क्लासच्या मुली लवकर गेल्या होत्या. काकू मशीनसमोरच बसल्या होत्या आणि मशीनवर, कापड ठेवतात तिथे, त्यांची वही होती.

"हे काय आहे?" काकूंनी विचारलं.

"नोंदी आहेत."

"हा रकाना कसला? आठवत नाही?"

काटकोनराव खुर्चीत बसले. खोटं बोलायची त्यांना सवय नव्हती, आणि एवढ्या रात्री जागल्यावर त्यासाठी लागणारं बळही उरलं नव्हतं. "माझं बाबांसारखं होतंय बहुतेक," ते म्हणाले. "गाडी घेऊन जातो आणि लक्षात राहत नाही. कुठे जातो तेही कळत नाही. डॉक्टरांकडे जाणारच होतो. त्याआधी तुला कशाला—"

"गाडी मी नेत होते," काकू म्हणाल्या.

"तू?"

"मंगळवारी आणि शुक्रवारी. तुम्ही वाचनालयात गेलात की. शिकायला जाते मी, दीड महिना झाला. ड्रायव्हिंग क्लासच्या बाई येतात शेजारी बसायला. त्यांची गाडी मोठी आहे, मला म्हणाल्या तुमच्याच गाडीवर हात बसू दे." काकूंचा आवाज बारीक झाला. "आज काच पुसायला फडकं शोधत होते, तर कप्प्यात ही वही सापडली. बाईंना म्हटलं आज राहू दे."

काटकोनरावांनी वही ओढून घेतली. खिशातलं पेन काढलं. "मंगळवारचे नऊ किलोमीटर?"

"मीच."

त्यांनी 'आठवत नाही' या रकान्यातली ती नोंद खोडली. खोडायलाही पट्टी हवी होती, म्हणून काकूंनी मशीनवरची मोजपट्टी पुढे केली.

"शुक्रवारचे साडेअकरा?"

"त्या दिवशी पुलापर्यंत गेलो होतो. बाई म्हणाल्या, चढावर थांबून निघायला जमलं पाहिजे. हॉर्न सारखा वाजत होता, पण जमलं."

"या मंगळवारचे आठ?"

"मीच की."

तीन रेषा मारून झाल्या. शेवटची रेषा जराशी वाकडी आली, आणि काटकोनरावांनी ती तशीच राहू दिली. मग त्यांनी चष्मा काढला आणि रुमालाने बराच वेळ पुसला. काकू उठून त्यांच्या जवळ येऊन उभ्या राहिल्या.

थोड्या वेळाने चष्मा घालून त्यांनी विचारलं, "आणि फुटपाथ?"

"तो तुमच्यामुळे लागला."

"माझ्यामुळे?"

"त्या रविवारच्या आधी एकदा तुम्ही वाचनालयातून लवकर निघालात. मी कोपऱ्यावर वळत होते आणि तुम्ही समोरून आलात. हातात पुस्तक, मान खाली. मला काही सुचलं नाही. तुम्हाला दिसू नये म्हणून मी एकदम डावीकडे घेतली. बाईंनी हातब्रेक ओढला म्हणून एवढ्यावर निभावलं. आम्ही दोघी सीटवर खाली वाकून बसलो होतो, तुम्ही पुढे जाईपर्यंत."

काटकोनरावांना तो दिवस आठवला. फुटपाथला टेकून एक रिकामी गाडी तिरकी उभी होती आणि, लोकांना गाडी लावायची काही रीत उरली नाही, असं म्हणत ते तिच्या अगदी बाजूने गेले होते. स्वतःची गाडी त्यांनी ओळखली नव्हती, कारण स्वतःची गाडी अशी तिरकी उभी असू शकते हे त्यांच्या कल्पनेतच बसत नव्हतं.

"परीक्षा झाली की एकदम लायसन्सच दाखवणार होते," काकू म्हणाल्या. "पण मग तुम्ही कोनमापक काढलात. त्यानंतर रोज म्हणत होते आज सांगू, आज सांगू. तुम्ही ती रेषा मारलीत तेव्हा तर माझ्या तोंडाशी आलं होतं. पण सगळी इमारत तुमचं कौतुक करत होती. आणि तुम्ही रात्री जागता ते गाडीमुळे असंच मला वाटत होतं. हे असलं काही मनात घेऊन बसला असाल हे नाही आलं ध्यानात."

"मला सांगितलं असतंस तर मी शिकवलं असतं."

"शिकवलं होतं ना तुम्ही. तीन संध्याकाळी. तिसऱ्या संध्याकाळपर्यंत क्लचची आकृती पूर्ण झाली होती, आणि किल्ली अजून तुमच्याच खिशात होती. ती आकृती मी जपून ठेवलीय. तिच्यामागे कॉलरचा नमुना काढलाय, फार छान बसतो."

काटकोनरावांनी मोजपट्टी मशीनवर परत ठेवली. मग म्हणाले, "पण आत्ताच का? या वयात?"

काकू पुन्हा मशीनच्या स्टुलावर बसल्या. "हिवाळ्यात बहिणीकडून परत येत होतो. तुमच्या छातीत दुखायला लागलं आणि तुम्ही गाडी कडेला घेतलीत."

"ते पित्त होतं. डॉक्टरांनी सांगितलं ना."

"ते नंतर कळलं. सव्वा तास आपण तिथे बसलो होतो. फोनला रेंज नाही. हात केला तर एकही गाडी थांबेना. तुम्ही घामाने भिजला होतात, किल्ली समोर लटकत होती, गाडी चालू होत होती, पेट्रोल होतं. आणि मी तुमच्या शेजारी नुसती बसून होते. त्या सव्वा तासात ते पित्त नव्हतं हो."

बाहेर सेक्रेटरी कोणाला तरी गाडी रेषेच्या आत लावा म्हणून सांगत होते. काटकोनरावांची रेषा अजून कोणी पुसली नव्हती आणि आता सगळे तीच धरून गाड्या लावत होते. काटकोनरावांनी ते ऐकलं, पण त्याचं त्यांना काही वाटलं नाही. त्यांना त्या रस्त्याच्या कडेची काकूंची मूर्ती आठवत होती. मांडीवर पर्स, पर्सवर दोन्ही हात. त्या वेळी, ही किती शांत बसली आहे, असं त्यांना वाटलं होतं.

"चढावर थांबून निघायला खरंच जमतं?" त्यांनी विचारलं.

"मशीनसारखंच आहे. पाय एकदम सोडायचा नाही."

हे वाक्य काटकोनरावांनी मनातल्या मनात तपासून पाहिलं. तीन संध्याकाळच्या आकृतीत जे होतं ते सगळं त्या एका वाक्यात आलं होतं. हे त्यांनी कबूल केलं नाही, पण मान हलवली.

मंगळवारी नवी सळई आली. दोघं मिळून दुकानात गेले. अलाइनमेंटवाल्याने गाडी रॅम्पवर घेतली आणि पुन्हा विचारलं, "मग काका, आठवलं का कुठे ठोकली ते?"

काटकोनराव तोंड उघडणार तेवढ्यात काकू म्हणाल्या, "मी ठोकली. वाचनालयाच्या कोपऱ्यावर."

"आमच्याकडून झालं," काटकोनराव म्हणाले. "दोघांकडून."

अलाइनमेंटवाल्याने दोघांकडे बघितलं आणि तो पान्हा घेऊन कामाला लागला. त्याचं काम बघायला काटकोनराव तासभर त्याच्या मागे मागे फिरले. स्टिअरिंग मधोमध अडकवून त्याने दोन्ही बाजूंच्या सळया हलक्या हाताने फिरवल्या, पडद्यावरचे लाल आकडे एकेक करून हिरवे झाले आणि शेवटी त्याने अडकवलेला दांडा काढला. काटकोनरावांनी खिशातून कोनमापक काढला, क्षणभर हातात धरला, आणि न लावताच परत खिशात ठेवला.

"मोठ्या रस्त्याने एक चक्कर मारून बघा," अलाइनमेंटवाला म्हणाला. "सरळ रस्त्यावर कळेल."

काटकोनराव सवयीने स्टिअरिंगकडे निघाले. दार उघडलं, थांबले, आणि किल्ली काकूंच्या हातात दिली. मग मागच्या काचेवर शिकाऊ चालकाची पाटी लावली. ती अगदी आडवी लागली आहे ना, हे मात्र चार पावलं मागे जाऊन बघितलं.

पहिली दहा मिनिटं त्यांनी काकूंना बोलू दिलं नाही. आरसा बघ, गिअर बदल, तो सायकलवाला बघ, त्याने तुला बघितलंय का ते बघ. त्यांचा उजवा पाय, समोर काही नसताना, सारखा ब्रेक दाबत होता. काकू 'हो' म्हणत होत्या आणि आपल्या रीतीने चालवत होत्या. मोठा रस्ता लागला. काकूंनी स्टिअरिंग मधोमध धरलं आणि गाडी सरळ निघाली, ना इकडे ना तिकडे. पश्चिमेला उन्हं कलली होती, दोन्ही बाजूंना गोदामांच्या लांब भिंती मागे पडत होत्या.

"सरळ आहे," काटकोनराव म्हणाले.

"आहे ना?"

"अगदी." थोड्या वेळाने ते म्हणाले, "गिअर मात्र..."

पुढचं काटकोनरावांना माहीत नाही, त्यामुळे ते काकूंच्या सांगण्यावरून इथे लिहिलं आहे. गिअरचं काय, ते ऐकायला काकू थांबल्या. पण पुढे काही आलंच नाही. त्यांनी नजर समोरून न हलवता हळूच विचारलं, "अहो?" मग लाल दिव्याला गाडी थांबली तेव्हा मान वळवून बघितलं. काटकोनराव झोपले होते. तोंड किंचित उघडं, चष्मा नाकावरून घसरलेला, डोकं खिडकीच्या काचेवर पार कललेलं. सव्वीस वर्षांत दुसऱ्या कोणी चालवलेल्या गाडीत त्यांचा डोळा लागल्याचं काकूंनी पाहिलं नव्हतं.

दिवा हिरवा झाला. काकूंनी पाय अलगद सोडला, गाडीला हिसका बसू दिला नाही. पुढे घराकडचं वळण आलं. त्यांनी इंडिकेटर दिला, एकदा शेजारी पाहिलं, इंडिकेटर बंद केला, आणि वळण मागे टाकून गाडी तशीच सरळ पुढे नेली.